कुष्ठरोगाचा पेशंट फोनवर दाखवायचा असेल तर

मी कर्नाटकातल्या बेळगाव जिल्ह्यात, खानापूर तालुक्यातल्या एका उपकेंद्रावर सीएचओ म्हणजे समुदाय आरोग्य अधिकारी आहे. पश्चिमेला जांबोटी, कणकुंबी, मग चोर्ल्याचा घाट आणि गोवा. उत्तरेला बेळगाव आणि त्याला लागून महाराष्ट्रातलं चंदगड. इथला पेशंट मराठीत बोलतो, रजिस्टर कन्नडमध्ये भरायचं असतं आणि त्वचारोगाचे तज्ज्ञ बेळगावात बसतात. एका दिवसाची मजुरी बुडवून, बस बदलत तिथं जायचं म्हटलं की माणूस "भात लावून झाल्यावर बघू" म्हणतो. कुष्ठरोगात असे दोन-तीन महिने गेले की बोटं वाकायला लागतात.

म्हणून फोन. ई-संजीवनी ही सरकारची ऑनलाइन डॉक्टरी सल्ल्याची सेवा २०१९ च्या नोव्हेंबरात सुरू झाली आणि आता उपकेंद्रातून डॉक्टरांशी समोरासमोर बोलता येतं. ताप, बीपी, शुगर यासाठी आपण सगळेच ती वापरतो. कुष्ठरोगासाठी मात्र फार कमी जण वापरतात आणि जे वापरतात त्यातले बरेच जण चट्ट्याचा एक फोटो पाठवून "सर, काय असेल?" विचारतात. त्यावर कुठलाही डॉक्टर काय सांगणार? चट्टा बधिर आहे की नाही हे फोटोत दिसत नाही. नस, म्हणजे संवेदना नेणारा मज्जातंतू, जाड झाली आहे की नाही हेही दिसत नाही. निदान तर याच दोन गोष्टींवर उभं असतं. तपासणी आपल्या हातांनी आधी पूर्ण झाली असेल, तरच पलीकडच्या डॉक्टरांचं ज्ञान पेशंटपर्यंत पोचतं. त्यामुळे या लेखात मोबाइलपेक्षा हातांबद्दल जास्त लिहिलं आहे. माझ्यासारख्या सीएचओंसाठी, नर्सबाईंसाठी, आशाताईंसाठी हे आहे. घरात पेशंट असेल तर त्यांनीही वाचावं.

हे कौशल्य आपल्याकडे कमी का झालं, तेही लक्षात घेतलं पाहिजे. राष्ट्रीय कुष्ठरोग निर्मूलन कार्यक्रम १९८३ मध्ये सुरू झाला. त्या काळी कुष्ठरोगाचे वेगळे कर्मचारी असायचे, घरोघर फिरायचे, एका हातानं नस ओळखायचे. डिसेंबर २००५ मध्ये देशपातळीवर दहा हजारांमागे एकाहून कमी रुग्ण हे उद्दिष्ट गाठलं गेलं. काम सर्वसाधारण आरोग्यसेवेत मिसळलं आणि ती जुनी माणसं निवृत्त होत गेली. रोग मात्र गेलेला नाही. जगातले निम्म्याहून जास्त नवे रुग्ण आजही भारतात सापडतात. पीएचसीच्या, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्राच्या, तरुण डॉक्टरांनी शिक्षणाच्या काळात कुष्ठरोगाचे थोडेच पेशंट पाहिलेले असतात. हा त्यांचा दोष नाही. अनुभव ज्यांच्याकडे आहे ते थोडे आणि लांब आहेत, हीच खरी अडचण आहे आणि फोन तीच अडचण थोडीफार सोडवतो.

कुणाला फोनवर थांबवून ठेवायचं नाही

हे आधी सांगते, कारण यात उशीर झाला तर नुकसान कायमचं होतं. पाऊल अचानक लोंबायला लागलं, मनगट उचलेना झालं, डोळा मिटत नाही आणि लाल झाला आहे किंवा दुखतो आहे, तापासोबत अंगावर लाल दुखऱ्या गाठी उठल्या आहेत, पायाच्या जखमेतून पू येतो आहे आणि ताप आहे, अशा पेशंटला त्याच दिवशी मोठ्या दवाखान्यात पाठवायचं. फोन करायचा तो "पाठवते आहे, पेशंट असा आहे" एवढं कळवण्यासाठी. आणखी एक: औषध सुरू होऊन पहिल्या दीड-दोन महिन्यांत ताप, अंगभर पुरळ किंवा डोळे पिवळे दिसले, तर कुष्ठरोगाच्या गोळ्यांमधल्या डॅप्सोनची ॲलर्जी असू शकते. गोळ्या तिथंच थांबवायच्या आणि पाठवायचं. हे जीवावर बेतू शकतं.

बेळगाव आणि खानापूरच्या बाजूला जिल्हा रुग्णालय आहे, केएलईचं प्रभाकर कोरे रुग्णालय आहे. कागवाड, अथणीकडच्या लोकांना मिरज जवळ पडतं आणि तिथं रिचर्डसन लेप्रसी हॉस्पिटल आहे. हद्द ओलांडून जावं लागलं तरी जावं. पेशंटचा हात कुठल्या राज्यात आहे, याचा विचार नंतर.

आधी हात, मग फोन

भात लावणीच्या दिवसांत एक मावशी पायाला चिखल तसाच घेऊन आल्या होत्या. तक्रार चट्ट्याची नव्हतीच. डाव्या करंगळीवर फोड होता. मलम मागायला आलेल्या. "कशानं भाजलं मावशी?" तर म्हणाल्या, "तव्यानंच की वो. भाजतंय, खरं कळंना." हे "कळंना" ऐकलं की बाकी काम बाजूला ठेवायचं. बाही वर सरकवायला सांगितली, तर दंडावर मागच्या बाजूला फिका चट्टा. त्यांना तो ठाऊकच नव्हता, कारण तिथं आरसा पोचत नाही आणि चट्टा खाजत नाही, दुखत नाही.

खाजत नाही, हे महत्त्वाचं. नायटा खाजतो. शिबं घामाच्या दिवसांत वाढतं आणि त्यावर बारीक कोंडा असतो. कोड पांढरंशुभ्र असतं. कुष्ठरोगाचा चट्टा फिका किंवा लालसर असतो, पूर्ण पांढरा होत नाही, आणि त्यावर स्पर्श कमी कळतो किंवा कळतच नाही.

स्पर्श तपासताना कापसाची बारीक वात करा. आधी पेशंटला डोळे उघडे ठेवून चांगल्या कातडीवर लावून दाखवा. "इथं लावलं की बोटानं दाखवायचं" असं सांगा. मग डोळे मिटायला सांगा. वात टेकवायची, घासायची नाही. "कळतंय का?" असं मध्ये मध्ये विचारायचं नाही. विचारलं की भिडस्त माणूस "होय" म्हणतो. आपण गप्प राहायचं आणि तो बोट ठेवतो का, कुठं ठेवतो, एवढं बघायचं. चांगली कातडी, चट्टा, पुन्हा चांगली कातडी, असं उलटसुलट करायचं. चेहऱ्यावरचा चट्टा असेल तर घाईनं निष्कर्ष काढू नका. तिथं नसांचं जाळं दाट असतं आणि कुष्ठरोग असूनही स्पर्श कळू शकतो.

तळहात आणि तळपायाला कापूस नको, बॉलपेन घ्यायचं. कातडीला किंचित खळगा पडेल इतकंच टेकवायचं. करंगळीकडची बाजू अल्नर नसेची, अंगठा आणि त्याच्या शेजारची दोन बोटं मीडियन नसेची, तळपाय टाचेजवळून जाणाऱ्या पोस्टिरिअर टिबियल नसेचा. कागदावर दोन्ही हातांची आणि पायांची बाह्यरेषा काढा आणि जिथं कळलं तिथं बरोबरची खूण, जिथं नाही तिथं फुली मारा. हा कागद जपून ठेवा. पुढं सगळा खेळ या कागदाचा आहे.

मग नसा. अल्नरसाठी पेशंटचा हात कोपरात वाकवून आपल्या हातावर घ्या आणि कोपराच्या आतल्या हाडामागच्या खाचेत दोन-तीन बोटांच्या पेरांनी हलकेच आडवं फिरवा. जाड नस बोटाखाली सुतळीसारखी घरंगळते. नखं लावायची नाहीत. बोटं नसेवर असताना नजर पेशंटच्या चेहऱ्यावर ठेवा. दुखलं तर कपाळावर आठी येते, तोंडानं तो सांगेलच असं नाही. लॅटरल पॉप्लिटिअल गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला थोडी खाली, बारीक हाडाच्या मानेशी सापडते. पोस्टिरिअर टिबियल आतल्या घोट्याच्या मागे आणि खाली. मानेवरची ग्रेट ऑरिक्युलर तर मान वळवली की कधी कधी डोळ्यांनाच दिसते. दरवेळी दोन्ही बाजू पाहायच्या, कारण जाड म्हणजे किती जाड, हे दुसऱ्या बाजूशी तुलना केल्याशिवाय सांगता येत नाही. मळा खणणाऱ्या, उसात राबणाऱ्या माणसांच्या नसा थोड्या ठळक लागतातच, म्हणून नुसत्या जाडीवर जाऊ नका. जाड आहे, आणि तिच्या हद्दीत बधिरपणा किंवा अशक्तपणाही आहे, असं जमलं की मग अर्थ लागतो.

शेवटी ताकद. डोळे गच्च मिट. करंगळी बाहेर काढ, मी दाबते, तू सोडू नकोस. तळहात वर ठेवून अंगठा सरळ आभाळाकडे कर. मनगट वर उचल. पाऊल वर उचल. प्रत्येकाला तीनपैकी एक शेरा: पूर्ण, कमी, किंवा अजिबात नाही. मावशींची डावी करंगळी बाहेर यायची, पण माझ्या एका बोटाच्या दाबानं आत जायची. शेरा: कमी. बधिरपणा दोन महिन्यांचा होता. नसेचं नुकसान सहा महिन्यांच्या आतलं असेल तर औषधानं बरंच परत येण्याची आशा असते. म्हणून "कधीपासून?" हा प्रश्न सणावारांच्या हिशेबानं विचारा. तारीख कुणाला आठवत नाही, पण "गणपतीच्या आधी की नंतर" हे नक्की आठवतं.

फोटो

सकाळी व्हरांड्यात, सावलीत, उजेड समोरून. दुपारच्या कडक उन्हात फिका चट्टा फोटोत नाहीसा होतो आणि फ्लॅश मारला की उरलासुरलाही जातो. अंगाला तेल असेल तर पुसून घ्या. मोबाइलमधलं चेहरा उजळ करणारं सेटिंग बंद करा. ते कातडी गुळगुळीत करून टाकतं आणि आपल्याला तर डाग दाखवायचे आहेत. मागे गडद एकरंगी कापड धरा. एक फोटो लांबून, म्हणजे शरीराचा कुठला भाग ते कळेल. एक जवळून, शेजारी सेंटिमीटरची पट्टी ठेवून. दोन्ही हात, दोन्ही पाय एकाच फोटोत. एका बाजूचा अंगठ्याजवळचा किंवा मनगटाजवळचा मांसल भाग आत गेलेला असेल तर तो शेजारी शेजारी ठेवल्यावरच उठून दिसतो. व्हॉट्सॲपवर साधा पाठवला तर फोटो बारीक होतो. डॉक्युमेंट म्हणून पाठवा. करंगळी आणि पावलाच्या ताकदीचा छोटा व्हिडिओ घ्या, दाबणारं बोट आपलं.

चेहरा घ्यायचा नाही. डोळे दाखवायचे असतील तर फक्त डोळे. फोटोवर नाव नको. फोटो काढण्याआधी कशासाठी, कुणाला दाखवणार, हे पेशंटला त्याच्या भाषेत सांगून संमती घ्या आणि तसं लिहून ठेवा. २५ मार्च २०२० च्या केंद्राच्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक तत्त्वांत हे स्पष्ट आहे: पेशंटनं स्वतः फोन लावला तर संमती गृहीत धरतात, पण आरोग्य कर्मचाऱ्यानं लावला तर ती स्पष्टपणे घ्यावी लागते. डॉक्टरांनी पाहिले की आपल्या गॅलरीतून फोटो काढून टाका. घरातली पोरं आपला मोबाइल खेळायला घेतात, हे विसरू नका.

मी यावर एवढा जोर का देते? आमच्या गावांत अजून लग्नं मोडतात. बायका पहिला प्रश्न औषधाचा विचारत नाहीत. "ह्यांना कळलं तर?" हा विचारतात. त्यांना मी सांगते की कुष्ठरोगाच्या कारणावरून घटस्फोट मागण्याची तरतूद २०१९ मध्ये कायद्यातून काढून टाकली आहे. आणि सांगते की औषध सुरू झालं की संसर्ग पसरत नाही, एका ताटात जेवा, पोरांना जवळ घ्या. कॉल करताना दार लोटून घ्या, स्पीकर बंद ठेवा. बाहेर बाकावर शेजारीण बसलेली असते.

डॉक्टरांना काय लिहून पाठवायचं

कॉलच्या आधी हे पाठवलं की डॉक्टरांचा निम्मा वेळ वाचतो आणि नेटवर्क तुटलं तरी काम अडत नाही. मावशींचं मी असं लिहिलं होतं:

"स्त्री, ४६ वर्षे, शेतमजुरी. डावी करंगळी व अनामिका २ महिन्यांपासून बधिर, चुलीवर भाजते. डाव्या दंडावर एक फिका चट्टा, ६ सेंमी, बधिर. डावी अल्नर जाड, दाबल्यावर दुखते. उजवी ठीक. बाकी नसा ठीक. करंगळीची ताकद डावी कमी, उजवी पूर्ण. डोळे पूर्ण मिटतात. तळपायांना संवेदना आहे. करंगळीवर भाजल्याचा फोड, पू नाही. ताप नाही, खोकला नाही. बीपी, शुगर नॉर्मल. गरोदर नाही. पूर्वी कुष्ठरोगाचं औषध घेतलेलं नाही. प्रश्न: नसेला सूज आहे का? स्टिरॉइड आज सुरू करायचं की पेशंटला आधी पाठवू?"

शेवटचा प्रश्न नक्की लिहा. "कृपया सल्ला द्यावा" असं लिहिलं की उत्तरही तसंच मोघम येतं. नाही आहे तेही लिहा. "ताप नाही, खोकला नाही" हे डॉक्टरांना हवं असतं, कारण नसेच्या सुजेवरचं स्टिरॉइड देण्याआधी क्षय, मधुमेह, रक्तदाब, गरोदरपण हे पाहावंच लागतं.

एमडीटी, म्हणजे कुष्ठरोगावरची एकत्रित औषधं, सुरू करण्याआधी आमच्या पीएचसीचे डॉक्टर पेशंटला स्वतः तपासतात आणि हे असंच असावं. तज्ज्ञांचा फोनवरचा सल्ला त्यांच्या निर्णयाला बळ देण्यासाठी. मावशींच्या वेळी कॉलवर आमचे डॉक्टर, मी आणि तज्ज्ञ असे तिघं होतो. निर्णय लगेच झाला आणि बेळगावची फेरी वाचली.

कॉल चालू असताना

आमच्याकडे कणकुंबीच्या बाजूला पावसाळ्यात वीज आणि नेटवर्क दोन्हींचा भरवसा नसतो. म्हणून सगळं आधी पाठवून ठेवायचं आणि कॉल ठरलेल्या वेळी करायचा. व्हिडिओ अडकायला लागला तर तो बंद करून आवाजावर या, ताकदीचा व्हिडिओ आधीच गेलेला असतो.

डॉक्टर कन्नडमध्ये बोलत असतील तर पेशंटचं वाक्य पूर्ण सांगा, स्वतःच्या शब्दांत आटोपतं घेऊ नका. "हातात मुंग्या येतात, रात्री कोपर ठणकतं" याचं मी "हात दुखतो" केलं तर नसेच्या सुजेची खूण तिथंच हरवली. पेशंटला आधी बोलू द्या. आणि कॉल संपण्यापूर्वी डॉक्टरांनी सांगितलेलं औषध, किती दिवस, पुन्हा कधी दाखवायचं, कुठलं लक्षण दिसलं तर लगेच पाठवायचं, हे मोठ्यानं वाचून दाखवून "बरोबर आहे ना सर?" विचारा.

खरं काम कॉलनंतरचं

एमडीटीची पाकिटं सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात. कमी चट्टे असतील तर सहा महिने, जास्त असतील तर बारा. महिन्याचा पहिला डोस आपल्यासमोर. लघवी लाल होईल, कातडी काळवंडेल, हे आधीच सांगून ठेवा, नाहीतर पहिल्याच महिन्यात माणूस घाबरून पाकीट फेकतो. लघवीचा लालपणा एक-दोन दिवसांचा असतो. काळपटपणा औषध संपल्यावर काही महिन्यांत ओसरतो. घरातल्यांना तपासा. चट्टे नसतील आणि क्षयाची लक्षणंही नसतील, तर त्यांना रिफाम्पिसिनचा एक डोस देतात, तो डॉक्टरांच्या सांगण्यानुसार.

फोनचा सगळ्यात मोठा फायदा मला इथं दिसतो, स्टिरॉइडवरच्या पेशंटमध्ये. स्टिरॉइड कित्येक आठवडे चालतं आणि हळूहळू कमी करत न्यायचं असतं. बरं वाटलं म्हणून अचानक बंद केलं तर शरीर ढासळू शकतं आणि नसेची सूजही उलटते. कमी करायचं की नाही हे ठरवण्यासाठी डॉक्टरांना करंगळीची ताकद आणि बॉलपेनचा नकाशा हवा असतो. त्यासाठी पेशंटनं दर पंधरवड्याला बेळगावला जायची काय गरज? तो उपकेंद्रात येतो, मी तीच तपासणी त्याच क्रमानं करते, नवा कागद जुन्या कागदाशेजारी ठेवून फोटो पाठवते. फुल्या कमी झाल्या की वाढल्या, हे पाहायला डॉक्टरांना अर्धं मिनिट लागतं. शुगर आणि बीपी दरवेळी. पोटात जळजळ, काळी शी, ताप, खोकला हे विचारायचं. शक्यतो तपासणारं माणूस बदलू नका. माझं "कमी" आणि दुसऱ्या बाईंचं "कमी" सारखं असेलच असं नाही. एमडीटी संपली तरी डोळ्यांवर आणि नसांवर लक्ष ठेवा. नसेची सूज औषध संपल्यावरही येऊ शकते, आणि पेशंटला वाटतं आपण तर बरे झालो.

बधिर हातापायांची काळजी घरच्या घरी. रोज वीसेक मिनिटं साध्या पाण्यात भिजवायचं, घट्ट कातडी खरवडायची, ओलसर असतानाच तेल लावायचं, रात्री तळपाय डोळ्यांनी तपासायचे. चुलीवरचं भांडं फडक्यानं धरायचं. एमसीआरच्या, म्हणजे खास मऊ रबराच्या तळाच्या चपला घालायच्या. हे तोंडी सांगितलेलं टिकत नाही. मी पेशंटच्या परवानगीनं त्याच्याच पायावर हे करतानाचा व्हिडिओ त्याच्याच मोबाइलमध्ये करून देते, मराठीत बोलत. स्वतःचा पाय पाहिला की माणूस ते पुन्हा लावतो. सूनबाईलाही दाखवतो.

लांबून शिकणं

ऑनलाइन प्रशिक्षणं आपण सगळ्यांनी केली आहेत. व्हिडिओ पुढं सरकतो, शेवटी प्रश्न येतात, प्रमाणपत्र मिळतं. कुष्ठरोगाच्या बाबतीत एवढ्यानं काही होत नाही, कारण नस शोधणं हे बोटांचं काम आहे. व्हिडिओ पाहिला त्याच दिवशी, ताजं असताना, एकमेकींच्या कोपरावर ती खाच शोधली पाहिजे. आमच्या आशाताई दुपारी जेवणानंतर जोडीनं बसतात. एक व्हिडिओ लावते, थांबवते, दुसरीच्या कोपरावर शोधते. निरोगी नस कशी लागते हे बोटांना नीट ठाऊक झालं की जाड नस ओळखायला वेळ लागत नाही. जागतिक आरोग्य संघटनेचं त्वचारोगांचं स्किन एनटीडीज नावाचं ॲपही फोनवर घेऊन ठेवा. त्यात फोटो आहेत.

यापेक्षा उपयोगी ठरलं ते पेशंटवरची चर्चा. न्यू मेक्सिकोत डॉ. संजीव अरोरा यांनी २००३ मध्ये इको नावाची पद्धत सुरू केली, हेपटायटिस सी साठी. लांबच्या गावांतले डॉक्टर ठरलेल्या वेळी एकत्र ऑनलाइन येतात, आपापला पेशंट मांडतात, तज्ज्ञ ऐकतात, आणि एकाच्या पेशंटवरून सगळे शिकतात. कुष्ठरोगाला ही पद्धत चपखल बसते, कारण एकेका उपकेंद्रावर पेशंट थोडेच असतात. मला वर्षभरात जो प्रकार दिसणार नाही, तो नंदगडच्या किंवा बिडीच्या बाईंकडे येतो.

असा गट करायचा तर फार मोठा नको. शेजारच्या उपकेंद्रांच्या सीएचओ, दोन-तीन आशाताई, पीएचसीचे डॉक्टर आणि महिन्यातून एकदा वेळ देणारे एक तज्ज्ञ. पेशंट वर लिहिलेल्या पद्धतीनंच मांडायचा, नाव-गाव न घेता. तज्ज्ञांनी उत्तर देण्याआधी बाकीच्यांनी अंदाज सांगायचा, आणि कुणाचा चुकला तर कुणी हसायचं नाही. हे आम्ही पहिल्याच दिवशी ठरवून घेतलं, कारण आशाताई मग बोलतच नाहीत, आणि पेशंटच्या घरात शिरणारी तीच एक असते. तज्ज्ञांनी सांगितलेलं मी त्याच संध्याकाळी मराठीत दोन-तीन मिनिटांच्या आवाजी निरोपात बोलून गटावर टाकते. बहुतेक साहित्य कन्नड किंवा इंग्रजीत असतं. चिक्कोडी, निपाणीच्या बाजूच्या आशाताईंनाही हे निरोप चालतात, असं तिथल्या बाईंनी कळवलं. भांडी घासताना ऐकतात म्हणे. ऐकू देत.

आणि पुढच्या वेळी नवा पेशंट मांडण्याआधी मागच्या पेशंटचं काय झालं ते सांगायचं. यातून सगळ्यात जास्त शिकायला मिळतं.

पेशंट हद्द ओलांडून गेला तर

आमच्या पेशंटांपैकी बरेच जण गोव्यात बांधकामावर जातात, काही ऊसतोडीला कोल्हापूरकडे. औषध तुटतं ते इथं. जाणार आहे हे आधी विचारून ठेवा, हंगामाचा अंदाज आपल्याला असतोच. डॉक्टरांना सांगून पुढच्या महिन्यांची पाकिटं सोबत द्या. एका कागदावर मराठीत आणि कन्नडमध्ये लिहा: प्रकार कुठला, औषध कधी सुरू झालं, किती पाकिटं झाली, स्टिरॉइड चालू असेल तर आज किती आणि कधी कमी करायचं. त्याचा फोटो पेशंटच्या मोबाइलमध्ये आणि घरच्या एका माणसाकडेही ठेवा, कारण कागद पावसात भिजतो. तिकडच्या कुठल्याही सरकारी दवाखान्यात एमडीटी फुकट मिळेल, कर्नाटकचा पेशंट म्हणून कुणी परत पाठवायचं कारण नाही, हे त्याला ठामपणे सांगा. शक्य असेल तर तिकडच्या पीएचसीला स्वतः फोन करा आणि कुष्ठरुग्णांच्या नोंदी ठेवणाऱ्या सरकारी निकुष्ठ पोर्टलवरची नोंद बदलायला आपल्या डॉक्टरांना आठवण द्या.

स्टिरॉइडवरचा माणूस असेल तर जाण्याआधी एक शिकवून पाठवा: रविवारी सकाळी दोन्ही करंगळ्या बाहेर काढून, बायकोला किंवा सोबतच्याला बोटानं दाबायला सांगून व्हिडिओ करायचा आणि मला पाठवायचा. आला नाही तर सोमवारी मी फोन करते. उचलला नाही तर घरच्यांना करते.